गोमाशी कुठं जन्मते, कधी येते आणि कुणाला चावते

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका धान उत्पादक भाऊंनी लिहून विचारलं आहे. त्यांच्याकडे दोन म्हशी, एक पांढरी गाय आणि बैलजोडी. श्रावण लागला की मोठाल्या माशा दुपारी ढोरांना चरू देत नाहीत. म्हशीच्या पोटाखालून रक्ताचे ओघळ येतात, गायीला मात्र त्रास त्या मानाने कमी. शेण रोज उचलतात, कोठा धुतात, फवारणीही करून झाली, तरी माशा तेवढ्याच. त्यातच शेजाऱ्याची म्हैस तापाने फणफणली, गोल गोल फिरली आणि मेली. लोक म्हणाले, माशीचा रोग. तेव्हा ही माशी खाते काय, होते कुठं, काळ्या जनावरालाच का धरते आणि माणसाला तिच्यापासून काही होतं का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

माझी नोकरी पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेली, बहुतेक सगळी धानपट्ट्यात. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. पण मुद्दा आधीच सांगतो: भाऊ, तुम्ही शेणाच्या मागे लागला आहात आणि ही माशी शेणात होतच नाही. ती ओल्या चिखलात होते, उन्हात येते आणि एका जनावरावर अर्धवट पिऊन दुसऱ्यावर जाते. या तीन गोष्टी धरून बेत आखला तर काही हाती लागेल. नुसती बाटली फवारून लागणार नाही.

आधी माशी ओळखू. ढोरांचं रक्त पिणाऱ्या माशा आपल्याकडे तीन-चार जातींच्या आहेत आणि सगळ्यांना सरसकट गोमाशी म्हणायची सवय आहे. एक अगदी घरमाशीएवढी, घरमाशीसारखीच दिसणारी. पण तोंडातून पुढे रोखलेली टणक सोंड दिसते आणि ती बहुधा पायांवर बसते. ही कुजकं तणस आणि मूत-शेण मिसळलेल्या घाणीत वाढते. दुसरी तिच्याहून लहान, खांद्यावर नि पाठीवर घोळक्याने बसते, दिवस-रात्र जनावर सोडत नाही आणि फक्त ताज्या शेणात अंडी घालायला उतरते. तिसरी चपटी, चिवट, शेपटीखाली आणि जांघेत चिकटलेली असते, आडवी पळते आणि बोटांत दाबली तरी मरत नाही. पहिल्या दोघींसाठी तुमची शेण उचलायची मेहनत कामाची आहे, ती सोडू नका.

तुम्ही जी सांगता ती चौथी; इथून पुढे गोमाशी म्हणेन ती हीच. टॅबॅनिडी या कुळातली, शास्त्रात टॅबॅनस, हिमॅटोपोटा आणि क्रायसॉप्स या नावांची. जगात या कुळाच्या चार हजारांहून जास्त जाती आहेत. आपल्या ढोरांना छळणारी टॅबॅनस मोठी असते, काही जाती दोन-अडीच सेंटिमीटरच्या. येताना घूंऽऽ असा आवाज ऐकू येतो, मग म्हैस कातडी थरथरवते आणि शेपूट फेकते. हिमॅटोपोटा करड्या रंगाची, पंखांवर ठिपक्यांची नक्षी असलेली; ती आवाज न करता येते, चावल्यावरच कळते. क्रायसॉप्सच्या पंखांवर काळा पट्टा असतो आणि ती डोक्या-मानेकडे जाते, माणसाच्याही. बांधीत निंदण करणाऱ्या बायांच्या मानेला दुपारी कचकन चावते ती बहुतेक हीच. भारतात टॅबॅनस रुबिडस आणि टॅबॅनस स्ट्रायटस या दोन जाती जनावरांच्या रोगप्रसारासाठी विशेष ओळखल्या जातात.

एखादी ताजी मारलेली माशी तळहातावर घेऊन उन्हात तिचे डोळे बघा. डोकं म्हणजे जवळजवळ सगळे डोळेच. बऱ्याच जातींत त्यावर हिरवे, जांभळे, तांबूस पट्टे चमकतात; माशी वाळली की तो रंग उडतो. दोन डोळ्यांच्या मधे बारीक फट दिसली तर ती मादी. डोळे एकमेकांना चिकटलेले असले तर नर. तुमच्या म्हशीवर मारलेल्या माशांत नर सापडणार नाही, कारण नर रक्त पीतच नाही. तो फुलांतला मध, झाडाचा गोड चीक यावर जगतो. मादीसुद्धा उडण्याची ताकद याच गोडावर मिळवते. रक्त तिला लागतं ते अंडी पिकवण्यासाठी. एकदा पोट भरून रक्त मिळालं की काही दिवसांत अंडी तयार होतात, ती घातली की पुन्हा रक्ताची गरज. प्रौढ माशीचं आयुष्य साधारण दोन ते चार आठवड्यांचं. तेवढ्यात जितक्या खेपा होतील तितक्या ती करते.

आता रक्ताचे ओघळ का येतात ते. डास सुई टोचून थेट बारीक रक्तवाहिनीतून ओढतो, म्हणून डास उठल्यावर रक्त वाहत नाही. गोमाशीच्या तोंडात सहा पाती असतात. त्यातली दोन चपटी आणि धारदार, कात्रीसारखी आडवी चालतात आणि कातडी कापतात. दुसरी दोन दातेरी, आत-बाहेर करून जखम खोल करतात. एका नळीतून लाळ आत सोडली जाते. लाळेत रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात. कापलेल्या खळग्यात रक्त साचतं आणि तोंडाच्या टोकाला असलेल्या मऊ गादीने माशी ते टिपून पिते. कापणं असं उघडं असल्यामुळे दुखतं खूप, आणि माशी उठली तरी लाळेच्या परिणामाने रक्त थोडा वेळ ठिबकत राहतं. त्या ओघळावर मग साध्या माशा चाटायला जमतात. पावसाळ्यात तिथेच जखम चिघळते आणि लक्ष नसलं तर किडे पडतात. म्हणून संध्याकाळी ढोरं आली की पोट, बेंबीचा भाग, कास आणि पाय बॅटरी लावून बघायची सवय ठेवा.

किती रक्त पीत असेल? जातीनुसार एखाद्या थेंबापासून अर्ध्या मिलिलिटरपर्यंत. अमेरिकेतला एक जुना अंदाज पुस्तकांत नेहमी दिलेला असतो: २०-३० माशा सहा तास पीत राहिल्या तर जनावराचं सुमारे १०० मिलिलिटर रक्त जातं. मोठ्या म्हशीला एवढ्याने काही होत नाही असं कुणी म्हणेल. पण रोज जात राहिलं, त्यात चरणं बंद, पाय आपटणं, शेपूट मारणं, सावलीसाठी पळापळ, तर दूध कमी होतं आणि जनावर वाळतं. माझ्या मते आपल्याकडचं खरं नुकसान रक्ताचं कमी आणि चुकलेल्या चरण्याचं जास्त आहे. ढोरं डोकी आत करून दाटीने गोल उभी राहिलेली दिसली की समजावं, माशीने आज त्यांची दुपार खाल्ली.

काळ्या म्हशीचा प्रश्न मात्र मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर गेल्या पंधरा-वीस वर्षांत नीट कळलं आहे. गोमाशी दुरून भक्ष्य हेरते ते डोळ्यांनी: मोठं, गडद, हलणारं काहीतरी. जवळ आल्यावर श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि मुताचा वास यांनी नक्की करते. शिळ्या गोमूत्रात जे फिनॉलवर्गी पदार्थ तयार होतात त्यांच्याकडे ती ओढली जाते, हे सापळ्यांच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. पण याहून एक गंमत आहे. पाण्यावरून किंवा चकचकीत काळ्या पृष्ठभागावरून प्रकाश परावर्तित होतो तेव्हा त्याच्या लहरींना एक दिशा लागते. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, गोमाशीला कळतं. तिला अंडी घालायला पाणी शोधायचं असतं आणि पाणी ती याच खुणेने ओळखते. हंगेरीच्या गाबोर होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवलं की काळ्या-तपकिरी घोड्यांच्या अंगावरून असाच प्रकाश परततो आणि माशा त्यांच्यावर जास्त बसतात. पांढऱ्या घोड्यावरून येणारा प्रकाश विस्कळीत असतो, त्यामुळे तो कमी सापडतो. या कामाला २०१६ साली इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात तो हा पुरस्कार.

आपल्याकडे हे रोज डोळ्यांसमोर आहे. नागपुरी म्हैस काळी कुळकुळीत. वर्धेकडची गवळाऊ गाय पांढरी. एकाच आखरावर दोघी उभ्या केल्या तर माशा कुणाकडे जातील हे गायक्याला, म्हणजे गुराख्याला, विचारायची गरज नाही. तुमच्या पांढऱ्या गायीला त्रास कमी होतो तो तिच्या रंगामुळे. तिचं रक्त कडू वगैरे काही नसतं.

याच वाटेने पुढे जाऊन जपानमध्ये तोमोकी कोजिमा आणि सहकाऱ्यांनी काळ्या गायींवर पांढरे पट्टे रंगवले, झेब्र्यासारखे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात पट्टे रंगवलेल्या गायींवर चावऱ्या माशा निम्म्याच बसल्या. नुसते काळे पट्टे रंगवलेल्या गायींना तसा फायदा झाला नाही, म्हणजे रंगाच्या वासाने माशा गेल्या असं म्हणता येत नाही. त्यांनाही २०२५ साली इग नोबेल मिळालं. पोळ्याला बैल रंगवणारे आपण, आपल्याला हे करायला काय हरकत आहे? चुन्याची निवळी मात्र म्हशीच्या कातडीला लावू नका, आग होते. पाण्यात विरघळणारा, जनावराला न बाधणारा रंग लागेल, आणि म्हैस बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, शिरली की तो धुतला जाईल. म्हणून म्हशीसाठी हा उपाय मी गंमत म्हणूनच सांगतो. कामाच्या काळ्या बैलावर करून बघायला हरकत नाही.

म्हशीचा स्वतःचा उपाय याहून चांगला आहे. ती चिखलात लोळते आणि वाळलेल्या गाळाचा थर अंगावर घेऊन निघते. त्या थरातून पाती सहज जात नाहीत, वर मातकट रंगाने चकाकीही मरते. आपण तिला स्वच्छतेच्या हौसेने दुपारीच घासून काढतो. भर माशीच्या दिवसांत दुपारी धुऊ नका, संध्याकाळी दूध काढण्याआधी कास आणि मागचे पाय धुवा, बाकी गाळ राहू द्या.

आता ती होते कुठं. इथेच तुमची मेहनत चुकीच्या जागी पडते आहे. मादी पाण्यावर किंवा ओल्या चिखलावर झुकलेल्या गवताच्या पात्याच्या खालच्या बाजूला अंडी घालते, एका वेळी शंभरापासून जातीनुसार कित्येक शे, एकावर एक थर रचून. घातली तेव्हा पांढरीशुभ्र, काही तासांत तपकिरी-काळी. बोडीच्या काठाचं किंवा बांधीच्या धुऱ्यावरचं लव्हाळं, मोथा उलटून बघा. काळसर, चमकदार, तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहून मोठा लंबुळका गठ्ठा पात्याला चिकटलेला दिसेल. साधारण आठवड्याभरात अळ्या फुटतात आणि थेट खाली पाण्यात किंवा चिखलात पडतात. वरचं पातं आणि खालची ओल, दोन्ही एकत्र असलेलीच जागा ती निवडते.

अळी पांढरट, दोन्ही टोकांना निमुळती, अंगावर वळ्या-वळ्या असलेली. टॅबॅनसची अळी शिकारी असते. चिखलातले गांडूळ, इतर किड्यांच्या अळ्या, सापडलं तर आपलंच भावंडही खाते. अमेरिकेच्या वाळवंटी भागात या अळ्या चिखलात दडून बसून लहान बेडकांना धरतात आणि खातात, असं १९८३ साली नोंदवलं गेलं. जपानमध्ये धानाच्या बांध्यांत काम करणाऱ्यांच्या पायांना अळ्या चावल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे रोवणीच्या वेळी चिखलात काहीतरी कचकन चावलं आणि विंचू ना जळू काही दिसलं नाही, तर हीही एक शक्यता धरा. अळी अवस्था महिनोन्‌महिने चालते, थंड देशांत वर्ष-दोन वर्षंसुद्धा. पूर्ण वाढली की काठाच्या जरा कोरड्या मातीत सरकते, तिथे कोष करते आणि एक ते तीन आठवड्यांत माशी बाहेर पडते.

या सगळ्याचा अर्थ असा की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या भागात तिला जागेची ददात नाही. मामा (माजी मालगुजारी) तलाव, बोड्या, पाट, ओलीने भरलेल्या बांध्या, नाल्यांचे काठ. तलाव कोणी बुजवणार नाही आणि बुजवूही नये. त्यात औषध टाकायचा विचार मनातसुद्धा आणू नका. अळी चिखलाच्या आत असते, तिला ते पोचत नाही आणि मासोळी मरते ती मच्छीमार संस्थेची. करता येण्यासारखं एवढंच: तुमच्या कोठ्याजवळचं डबकं, हातपंपाच्या सांडपाण्याचा चिखल, गोठणाशेजारी साचलेली ओल, एवढ्यापुरती निचऱ्याची नाली काढा आणि पाण्यावर झुकलेलं गवत कापत राहा. कापलेलं गवत पाण्यात टाकू नका, कोरड्या जागी आणून वाळवा. अंड्यांचे गठ्ठे वेचून जाळणारे मी पाहिले आहेत. उत्साह चांगला, पण त्या गठ्ठ्यांत टेलेनोमससारख्या बारीक परजीवी गांधीलमाशा वाढत असतात आणि त्या फुकट राबणाऱ्या आपल्याच असतात. माशी धरणारे कोतवाल, वेडा राघू, चतुर हेही तुमच्याच बाजूने आहेत.

पश्चिमेकडे, यवतमाळ-अमरावतीच्या कपाशी-सोयाबीनच्या पट्ट्यात माशी नाल्याच्या काठाने आणि धरणाच्या फुगवट्याशी असते. तिथे ढोरं पाण्यावर नेण्याची वेळ बदलली तरी बराच फरक पडतो.

वेळेचं आता नीट सांगतो. गोमाशी उन्हाची. बहुतेक जाती सकाळी ऊन तापल्यावर निघतात, भर दुपारी जोरात असतात आणि ऊन कललं की ओसरतात. काही थोड्या जाती तिन्हीसांजेला येतात. ढग, वारा, पाऊस असला की कमी. आणि ती अंधाऱ्या छपराखाली सहसा शिरत नाही. हा तिचा सगळ्यात मोठा कच्चा दुवा आहे. ताडोब्याच्या बफरमध्ये उन्हात उभ्या, तापलेल्या जिप्सीभोवती ती घोंघावते आणि दहा पावलांवरच्या दाट सावलीत कमी असते, ते याचमुळे.

पुस्तकी सल्ला असा की पहाटे आणि संध्याकाळी चरायला सोडा, दुपारी बांधा. हा सल्ला ज्याने लिहिला त्याला ब्रह्मपुरीचं जंगल माहीत नाही. पहाटे अंधारात आणि दिवेलागणीला ढोरं घेऊन जंगलाच्या कडेला जाणं म्हणजे वाघाच्या वेळेत जाणं. माशीसाठी गायक्याचा जीव धोक्यात घालायचा नाही. तेव्हा आपल्याकडे हे असं बसवा: चांगलं उजाडल्यावर गावालगतच्या मोकळ्या पडितात दहा-साडेदहापर्यंत चराई, मग कोठ्यात. दुपारचा चारा कापून आणून कोठ्यातच द्या. पुन्हा बाहेर काढायचं असेल तर चारनंतर, गावाजवळ, अंधाराच्या आत परत. धुऱ्यावरचं गवत निघतंच या दिवसांत, ते विळ्याने काढून आणलं तर वर सांगितलेलं अंड्यांचं कामही होतं.

कोठ्याला कवेलूचं उतरतं छप्पर असेल तर फारच छान. टिनाचं उघडं शेड असेल तर दक्षिण-पश्चिमेच्या बाजूंना तट्टे किंवा हिरवी जाळी लावून अंधार करा, हवा मात्र खेळती राहू द्या. धूर करायचा तर गोवरी आणि ओला कडुनिंब वाऱ्याच्या वरच्या अंगाला, दारापाशी. कोठ्याच्या मधोमध धूर केला की माशीआधी वासरू खोकायला लागतं. करंज किंवा कडुनिंबाचं तेल पोटाखाली आणि पायांना चोळलं तर काही तास माशा कमी बसतात. म्हैस पाण्यात गेली की संपलं.

फवारणीबद्दल. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या औषधांनी गोचीड मरते कारण ती दिवसेंदिवस अंगावर असते. गोमाशी काही मिनिटं बसते, पिते आणि जाते. औषध लागून ती नंतर मेली तरी तिची जागा घ्यायला तलावाकडून दुसरी येते. शिवाय ती पोटाखाली आणि पायांवर बसते आणि आपण पाठीवर फवारतो. करायचीच तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच, पोट आणि पाय भिजतील अशी, दूध काढून झाल्यावर. आणि त्या दिवशी म्हैस बोडीत सोडू नका, ही औषधं मासोळीला फार विषारी आहेत. कपाशीवर मारायचं औषध ढोरावर मारणाऱ्यांना मी दरवर्षी रागवत आलो आहे. जनावर तडफडत आणलेलं असतं आणि सोबत बाटलीही नसते.

सापळा घरी करता येतो. कॅनडात १९६० च्या दशकात वापरात आलेल्या एका सापळ्याची ही साधी रीत आहे: जुन्या फुटबॉलला चकचकीत काळा रंग द्या, तिकाटण्याला दोरीने असा टांगा की तो जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर हलत राहील. त्याच्या वर पारदर्शक प्लास्टिकचं शंकूच्या आकाराचं छत आणि टोकाला उलटी बाटली. माशी तापलेल्या काळ्या चेंडूवर येते, रक्त मिळत नाही, सरळ वर उडते आणि बाटलीत अडकते. जागा उन्हातलीच हवी, तलावाची बाजू आणि कोठा यांच्या मधली. जवळ शिळ्या गोमूत्राचं उघडं डबडं ठेवलं तर जास्त सापडतात. ज्या दोन-चार कोठ्यांच्या आसपास असे सापळे सगळा पावसाळा टांगले जातात तिथे त्रास कमी होतो. गावभर माशी संपेल अशी आशा धरू नका.

आता रोगाचं. गोमाशी दुखवते म्हणून जनावर तिला झटकतं. अर्धवट प्यालेली माशी उठते आणि उरलेलं पोट भरायला लगेच त्याच किंवा शेजारच्या जनावरावर बसते. तिच्या तोंडाच्या पात्यांवर आधीचं रक्त लागलेलं असतं. अमेरिकी शास्त्रज्ञांनी ते मोजलं: साधारण १० नॅनोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा एक लाखावा भाग. एवढ्याशा रक्ताने काय होणार? आजारी जनावराच्या एका मिलिलिटरमध्ये दहा लाख परजीवी असतील तर या थेंबुकल्यातही दहा येतात. सर्रा नावाचा रोग असाच पसरतो. त्याचा परजीवी ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याला १८८० साली तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माइल खान इथे आजारी घोडे आणि उंटांच्या रक्तात सापडला. माशीच्या पोटात तो वाढत नाही, फक्त तोंडाला लागून जातो आणि फार वेळ जगत नाही. झटकलेली माशी अर्ध्या तासाच्या आत दुसरीकडे बसली तरच धोका मोठा.

म्हणून अंतर हे औषध आहे. घोड्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की दुसरं जनावर सुमारे ५० मीटर लांब असलं तर झटकलेल्या जवळपास सगळ्या माशा पहिल्यावरच परत येतात, एवढं अंतर तोडून जात नाहीत. अमेरिकेत घोड्यांच्या अशाच माशीने पसरणाऱ्या एका रोगासाठी बाधित घोडा इतरांपासून २०० यार्ड, म्हणजे सुमारे १८० मीटर दूर ठेवतात. तुमच्या कोठ्यात ताप आलेली म्हैस असेल तर तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला, अंधाऱ्या छपरात बांधा. दुपारच्या उन्हात इतरांसोबत दावणीला नको. आणि एक: सुई. एकाच सुईने पाच ढोरांना टोचणारा माणूस गोमाशीचं काम तिच्याहून चांगलं करतो, कारण सुईत तिच्या तोंडापेक्षा कितीतरी जास्त रक्त राहतं. तुमच्याकडे कोणीही टोचायला आलं, मी आलो तरी, प्रत्येक जनावराला नवी सुई मागा.

सर्ऱ्याची लक्षणं: ताप येतो-जातो, जनावर खंगतं, डोळ्यांच्या आतली त्वचा पांढुरकी होते, पाय-पोटाला सूज, डोळ्यात पाणी, कधी बुबुळ पांढरं, गाभण असेल तर गाभडते. काहींत मेंदूवर जाऊन गोल फिरणं, भिंतीला डोकं टेकवणं, झटके. गायी-म्हशींत तो बरेचदा मुका राहतो आणि कामाचा, पावसाचा, उपासमारीचा ताण आला की उसळतो. घोडा आणि कुत्रा पटकन कोसळतात. मांसाहारी प्राण्यांना आजारी जनावराचं ताजं मांस खाल्ल्यानेही होतो. २००० साली ओडिशाच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात १२ वाघ या रोगाने मेले होते. शेजाऱ्यांची म्हैस सर्ऱ्यानेच गेली का, हे गोल फिरण्यावरून सांगता येत नाही; तसं फिरायला लावणारे इतरही रोग आहेत.

माणसाचं विचारलंत, तर याचं उत्तर योगायोगाने तुमच्याच जिल्ह्यात आहे. माणसाच्या रक्तात एपोलायपोप्रोटीन एल-१ नावाचं प्रथिन असतं, ते या परजीवीला मारतं, म्हणून आपल्याला सर्रा होत नाही. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला आणि २००५ साली ही जगासमोर आलेली पहिली खात्रीची मानवी केस ठरली. त्याच्यात ते प्रथिन जन्मजात तयारच होत नव्हतं, हे २००६ साली सिद्ध झालं. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. नंतर त्याच्या गावात १,८०६ लोकांचं रक्त तपासलं. पहिल्या चाचणीत ४१० जणांत परजीवीशी संपर्काची खूण दिसली, पक्क्या चाचणीत ती ८१ जणांत टिकली, पण ज्यांच्यात ती जोरदार होती त्यांच्याही रक्तात जिवंत परजीवी मिळाला नाही. म्हणजे माशी आपल्यालाही चावते, परजीवी आत येतो आणि बहुतेकांत तिथेच मरतो. घाबरू नका, पण आजारी जनावराचं रक्त हाताच्या जखमेला लागू देऊ नका. चावलेली जागा साबणाने धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा. ओठ-चेहरा सुजला किंवा दम लागला तर सरळ दवाखान्यात. गायक्याने काळा-निळा सदरा न घालता फिका घालावा, पूर्ण बाह्यांचा.

आणि तुमच्या म्हशींपैकी कुणाला ताप आला तर इंजेक्शनाच्या आधी रक्ताची काचपट्टी घ्यायला सांगा. ताप चढलेला असतानाच कानाच्या टोकातून थेंब घ्यायचा. ताप उतरला की परजीवी रक्तात कमी होतात आणि पट्टी कोरी दिसते. बोकड किंवा कोंबडी विकून आणलेलं महागडं औषध आधी टोचलं आणि रक्त नंतर काढलं, तर काय होतं ते मग कुणालाच कळत नाही. सर्ऱ्याचं क्विनापायरामिन वजनावर मोजून द्यावं लागतं आणि ते पशुवैद्यकानेच द्यायचं. म्हशीच्या पट्टीत परजीवी निघाला तर कोठ्यातल्या बाकीच्या ढोरांचं आणि कुत्र्याचंही रक्त त्याच दिवशी बघून घ्या.